बिग एंड पुन्हा पुन्हा वाजतो, बोल्ट पुन्हा पुन्हा तुटतो: मजबूत बोल्ट मागवण्यापूर्वी काय तपासावे

रॅली, ऑटोक्रॉस किंवा ट्रॅकसाठी तयार केलेल्या मारुती एस्टीम आणि जिप्सीच्या १.३ लिटर इंजिनांमध्ये एकच बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की, आता गाडी दारात येऊन थांबेपर्यंतच्या आवाजावरूनच पुढचे दोन दिवस कशात जाणार हे कळते. कॅम बदललेला असतो, हेड घासलेले असते, आरपीएमची मर्यादा वाढवलेली असते आणि काही महिन्यांत कनेक्टिंग रॉडचा बिग एंड, म्हणजे क्रँकवर बसणारे त्याचे मोठे टोक, वाजू लागते. बेअरिंग बदलले जाते, पुन्हा वाजते. तिसऱ्या वेळी बिग एंडची कॅप (त्याचा सुटा खालचा अर्धा भाग) धरून ठेवणारा बोल्ट तुटतो आणि रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. मग गाडीमालक एकच प्रश्न विचारतो: ‘सर्वांत मजबूत बोल्ट कोणता?’ प्रश्न योग्य आहे, पण तो शेवटी विचारायचा प्रश्न आहे. माझ्याकडे आलेल्या तुटलेल्या बोल्टपैकी बहुतेक बोल्ट स्वतःच्या दोषाने तुटलेले नव्हते. तेलाने, चुकीच्या आवळण्याने किंवा गोलाई गेलेल्या बिग एंडने त्यांचा बळी घेतला होता. तेथे दुप्पट किमतीचा बोल्ट घातला असता, तर तोही तुटला असता, फक्त थोडा उशिरा.

लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे इंजिनाच्या खालच्या अंगातून येणारा जड, पोकळ ‘ठक-ठक’ आवाज. इंजिन थंड असताना तो जवळजवळ ऐकू येत नाही. तेल तापून पातळ झाले की, दोन ते तीन हजार आरपीएमच्या दरम्यान हलका ॲक्सिलरेटर धरल्यावर किंवा पाय उचलताक्षणी तो स्पष्ट होतो. टॅपेटचा आवाज वरून येतो, हलका आणि टिकटिकीसारखा असतो आणि क्रँकच्या निम्म्या गतीने चालतो. त्याच्याशी गल्लत करू नये. दुसरे लक्षण तेलाच्या दिव्याचे. गरम इंजिन आयडलवर असताना दिवा लुकलुकतो आणि रेस दिली की विझतो. तिसरे, काढलेले तेल उन्हात धरले असता त्यात सोनेरी किंवा रुपेरी चमक दिसते. चौथे लक्षण इंजिन उघडल्यावरच दिसते: एकाच सिलिंडरच्या शेलवर (बेअरिंगच्या अर्धगोल तुकड्यावर) तांब्याचा थर उघडा पडलेला असतो, किंवा कॅप आणि रॉड जिथे एकमेकांना भिडतात त्या पृष्ठभागांवर काळपट तपकिरी डाग असतात. हे डाग लोक चिंधीने पुसून टाकतात. ते पुसू नयेत, कारण संपूर्ण इंजिनात त्यांच्याइतका बोलका पुरावा दुसरा नसतो. त्याविषयी पुढे लिहितो.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

सर्वप्रथम डिपस्टिक बाहेर काढावी. पातळी कमी असेल, तर लांब वळणावर तेल चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलपात्राच्या, एका बाजूला सरकते, पिकअपची जाळी उघडी पडते आणि एक-दोन सेकंद पंप हवा ओढतो. बेअरिंगला तेवढा वेळ पुरेसा असतो. पातळी प्रमाणापेक्षा जास्त असली तरी तितकेच वाईट, कारण क्रँक तेलात बुडून त्याचा फेस करते आणि फेसाला भार पेलता येत नाही. डिपस्टिकचा वास अवश्य घ्यावा. पेट्रोलचा वास येत असेल, तर मिश्रणात पेट्रोल प्रमाणाबाहेर आहे आणि तेल पातळ झाले आहे. अशा इंजिनात नवे बेअरिंग टाकणे म्हणजे त्याच खड्ड्यात पुन्हा पाय घालणे आहे.

त्यानंतर आवाज कोणत्या सिलिंडरचा आहे ते शोधावे. एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असलेल्या) इंजिनात आयडलच्या थोड्या वर रेस धरून एकेका इंजेक्टरचा सॉकेट काढून पाहावा. ज्या सिलिंडरचे ज्वलन बंद केल्यावर ठोका मऊ होतो किंवा नाहीसा होतो, तो सिलिंडर दोषी. पिस्टनवर ज्वलनाचा दाब नसल्यामुळे सैल बेअरिंगवर आघात होत नाही, म्हणून ही परीक्षा चालते. चारही सिलिंडर असे एकेक करून बंद करून पाहिल्यावर आवाजात काहीच फरक पडला नाही, तर बिग एंडऐवजी मेन बेअरिंग किंवा फ्लायव्हील यांचा संशय धरावा. ही तपासणी दोन मिनिटांत आटोपावी. आवाज ऐकत, मित्रांना ऐकवत, मोबाइलवर त्याची चित्रफीत काढत इंजिन चालवत बसू नये.

तिसरी फुकटची तपासणी सर्वांत अवघड असते, कारण ती माणसाची आहे. गाडी चालवणाऱ्याला विचारावे की, चौथ्यातून तिसऱ्यात टाकताना गिअर चुकून पहिल्यात गेला होता का. रेव्ह लिमिटर इंधन किंवा ठिणगी तोडतो. चाकांनीच इंजिनाला जबरदस्तीने जास्त वेगात फिरवले, तर तो काहीही करू शकत नाही. असा एकच प्रसंग बोल्टला कायमचा ताणून ठेवतो आणि बोल्ट तुटतो तो तीन आठवड्यांनी, शांतपणे महामार्गावर जाताना. पहिल्यांदा विचारल्यावर कोणताही ड्रायव्हर हे कबूल करत नाही. म्हणून कमाल आरपीएम लक्षात ठेवणारे टॅकोमीटर बसवण्याचा मी आग्रह धरतो.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

तेलाचा फिल्टर कापून पाहावा. तो हॅक्सॉने कापू नये. पात्याचा कीस आत पडतो आणि मग इंजिनाचा कीस कोणता व पात्याचा कोणता हे कळत नाही. कडेने पत्रा कापणारे कटर वापरून आतला कागद पंख्यासारखा उलगडावा आणि त्यावरून चुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटते ते लोखंड. न चिकटणारी रुपेरी आणि तांबूस पापडी बेअरिंगच्या थरांची असते. तांबूस पापडी दिसली, तर वरचा मऊ थर संपून घर्षण आतल्या थरापर्यंत पोचले आहे असा त्याचा अर्थ होतो.

त्यानंतर तेलाच्या दिव्याचा सेन्सर काढून तेथे यांत्रिक प्रेशर गेज जोडावे. दिवा फार उशिरा सांगतो; दाब जवळजवळ शून्यावर येईपर्यंत तो विझलेलाच राहतो. इंजिन पूर्ण तापल्यावर दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय हा जुना ठोकताळा आजही कामाचा आहे. गरम इंजिनात चार हजार आरपीएमला काटा २५ वरच अडखळत असेल, तर बोल्टचा विषय बाजूला ठेवून पंप, रिलीफ व्हॉल्व्ह, पिकअपची नळी आणि मेन बेअरिंगची फट (क्लिअरन्स) यांच्याकडे वळावे. दाब एरवी व्यवस्थित असून फक्त वळणावर कोसळत असेल, तर चेंबरमध्ये तेल अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या हव्यात. पत्र्याच्या त्या चार पट्ट्यांनी वाचवलेली इंजिने महागड्या बोल्टांनी वाचवलेल्या इंजिनांपेक्षा मी जास्त पाहिली आहेत.

येथे पहिला थांबा आहे. ठोका एका सिलिंडरवर निश्चित झाला असेल आणि फिल्टरमध्ये तांबूस पापडी सापडली असेल, तर गाडी पुन्हा सुरू करू नये, ‘गॅरेजपर्यंतच’ म्हणूनही नाही. ती टो करून न्यावी. या टप्प्यावर काम बेअरिंग आणि क्रँक पॉलिश एवढ्यावर निभावते. आणखी पाच किलोमीटर चालवली, तर क्रँक, रॉड आणि कदाचित ब्लॉकही जातो.

चेंबर उघडल्यावर

यापुढचे काम ज्याच्याकडे मायक्रोमीटर आणि खात्रीचा टॉर्क रेंच आहे त्यानेच करावे. कॅप काढण्यापूर्वी कॅप आणि रॉड या दोघांवर सिलिंडरचा क्रमांक आणि दिशा यांची खूण करावी. या इंजिनात रॉडमध्ये ठोकून बसवलेले बोल्ट आणि वरून नट अशी रचना असते. नट निघाल्यावर बोल्टच्या आट्यांवर रबरी नळीचे बोटभर तुकडे चढवावेत, म्हणजे रॉड वर ढकलताना आटे क्रँक-पिनला ओरखडा काढणार नाहीत.

आता शेल वाचावेत. रॉडमधला वरचा शेल ज्वलनाचा दाब झेलतो, कॅपमधला खालचा शेल पिस्टनला ओढून परत आणण्याचा भार झेलतो. वरचाच शेल ठोकल्यासारखा चपटा आणि घासलेला असेल, तर दोष ठिणगीच्या टायमिंगचा, पेट्रोलचा किंवा नॉकिंगचा (मिश्रण अवेळी भडकण्याचा) असतो. तेथे बोल्ट बदलून काही साध्य होत नाही. खालचा शेल घासलेला असेल, तर आरपीएमचा भार खरोखर जास्त होतो आहे. शेल फक्त दोन्ही सांध्यांजवळ घासला असेल, तर बिग एंडचे भोक लंबवर्तुळ झाले आहे. आणि समोरासमोरच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत घासला असेल, तर कॅप एका बाजूला सरकून बसली आहे किंवा उलटी बसवली गेली आहे.

मग ते तपकिरी डाग. बोल्टचे काम कॅपला रॉडवर इतक्या जोराने दाबून ठेवण्याचे आहे की, चालत्या इंजिनात तो सांधा कधीही उघडू नये. आवळण्याचा दाब येणाऱ्या ओढीपेक्षा जास्त असेल, तर बोल्टच्या ताणात प्रत्येक फेऱ्याला फारच थोडा चढउतार होतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. दाब कमी पडला की सांधा केसाएवढा उघडतो आणि मिटतो, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घासून काळवंडतात आणि बोल्ट थकून तुटतो. हे डाग दिसले म्हणजे बोल्ट सैल होता किंवा अपुरा होता. या दोहोंपैकी काय, ते पुढच्या दोन तपासण्या सांगतात.

बोल्टच्या आट्यांवरून नट हाताने फिरवत शेवटपर्यंत न्यावा. सुरुवातीला सहज फिरणारा नट मध्येच जड होत असेल, तर तेथे आटे ताणले गेले आहेत आणि बोल्ट संपला आहे. त्यानंतर मोकळ्या बोल्टची लांबी मायक्रोमीटरने मोजावी. नवा असतानाच्या लांबीपेक्षा ०.०२५ मिमीने जरी तो लांब भरला, तरी तो कायमचा ताणलेला समजून संपूर्ण संच टाकून द्यावा. नवा असतानाची लांबी कोणी लिहून ठेवलेली नसते ही नेहमीची रड आहे. तशा वेळी आठही बोल्टांची लांबी एकमेकांशी ताडून पाहावी, त्यातला वेगळा पडणारा बोल्ट लगेच सापडतो.

बोल्ट तुटलाच असेल, तर तुटलेले तोंड भिंगाखाली पाहावे. शिंपल्यावर असतात तशा एकामागून एक गोलाकार रेषा आणि शेवटी थोडा खरबरीत भाग दिसला, तर तो थकव्याने तुटला, म्हणजे दाब आधीपासून अपुरा होता. मान बारीक होऊन करड्या रंगाचे निस्तेज तोंड असेल, तर तो अतिभाराने ओढून तुटला. मान अजिबात बारीक न होता दाणेदार चमकणारे तोंड असेल, तर पोलाद ठिसूळ झाले होते. हा तिसरा प्रकार मी एकदा फार जवळून पाहिला आहे. एका गिऱ्हाइकाने गंज लागू नये म्हणून नवे, उच्च ताकदीचे बोल्ट बाहेरून झिंक प्लेटिंग करून आणले होते. दिसायला ते सुरेख होते. आवळून ठेवलेले इंजिन सुरूही झाले नव्हते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी स्टँडखाली एका बोल्टचे डोके पडलेले सापडले. प्लेटिंगच्या हौदातला हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो आणि ताणाखाली असलेला बोल्ट आतून फोडतो. तेव्हापासून प्लेटिंग केलेला कोणताही रॉड बोल्ट मी हातात घेत नाही.

आवळण्याची पद्धत

पुन्हा पुन्हा होणाऱ्या या बिघाडाचे सर्वांत सामान्य कारण येथे असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. टॉर्क रेंच बोल्टचा ताण मोजत नाही, फिरवायला लागलेला जोर मोजतो, आणि त्यातला ८० ते ९० टक्के जोर डोक्याखालच्या व आट्यांमधल्या घर्षणातच जातो. उदाहरणापुरता ८ मिमीचा बोल्ट आणि ३५ न्यूटन-मीटर टॉर्क धरू. आटे कोरडे असतील, तर सुमारे २२,००० न्यूटन दाब मिळतो. इंजिन ऑइल लावले असेल, तर सुमारे २९,००० न्यूटन. आणि मॉलिब्डेनमचे ग्रीस लावले असेल, तर ४०,००० न्यूटनच्या आसपास. रेंच तोच, आकडा तोच, आणि दाबात जवळजवळ दुपटीचा फरक. त्यामुळे ‘टॉर्क बरोबर दिला होता’ या वाक्याला, कशाच्या वंगणावर दिला होता हे सांगितल्याखेरीज अर्थ नाही.

खरी पद्धत बोल्टची वाढ मोजण्याची आहे. बोल्ट ही एक कडक स्प्रिंग आहे. ती किती लांबली यावरून दाब थेट कळतो आणि घर्षणाचा प्रश्नच उरत नाही. नट असलेल्या या रचनेत बोल्टची दोन्ही टोके मोकळी असतात, त्यामुळे स्ट्रेच गेज सहज लावता येते. बोल्टसोबतच्या कागदावर किती वाढ हवी ते छापलेले असते. रॉड बोल्टसाठी ते ०.१३ ते ०.१६ मिमीच्या आसपास असणे नेहमीचे आहे, पण कागदावरचाच आकडा पाळावा. नवा बोल्ट पहिल्या आवळणीत खडबडीतपणामुळे कमी दाब देतो, म्हणून दिलेले वंगण लावून तो तीन ते पाच वेळा आवळून सोडावा आणि मग अंतिम आवळावा. अंशांमध्ये फिरवून आवळायचे, यील्डपर्यंत (कायमचे लांबू लागण्याच्या सीमेपर्यंत) ताणले जाणारे बोल्ट मात्र एकदाच वापरायचे असतात. त्यांना हा प्रयोग लागू नाही.

दुसरा थांबा

बोल्टचा प्रकार बदलला की बिग एंडचे भोक बदलते. जास्त दाब देणारा बोल्ट आवळल्यावर भोक वेगळ्या आकारात दाबले जाते आणि आधी गोल असलेले भोक गोल राहत नाही. म्हणून नवे बोल्ट बसवून, पूर्ण आवळून, बोअर गेजने तीन दिशांनी मोजावे लागते. गरज पडल्यास रॉड आणि कॅपचे सांधे काही शतांश मिलिमीटर घासून भोक मूळ मापाला होन करावे (आतून बारीक घासून गोल करावे) लागते. हे काम कानस, एमरी पेपर आणि उत्साह यांनी होत नाही. यासाठी रॉड होनिंग मशीन असलेला ग्राइंडिंगवालाच गाठावा; आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात, आणि तशीच कुठल्याही औद्योगिक गावात, अशी दुकाने असतात. त्याच फेरीत क्रँकची भेगांसाठी चुंबकीय तपासणी आणि चारही रॉडांच्या दोन्ही टोकांचे वजन जुळवणे उरकून घ्यावे. अलीकडच्या अनेक इंजिनांत रॉड एकसंध बनवून मुद्दाम तोडलेला असतो आणि तुटीच्या खडबडीत पृष्ठभागावरच कॅप जुळते. तो सांधा घासताच येत नाही. तेथे जाड पाठीचे बेअरिंग शेल मिळत असतील तरच भोक वाढवून होन करता येते, अन्यथा रॉडच बदलावा.

बेअरिंगची फट प्लास्टिगेजने (दाबून चपटी होणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक तारेने) तपासताना क्रँक हलू देऊ नये. ४२ मिमीच्या पिनला ०.०४ मिमीच्या आसपासची फट मला रुचते.

आता बोल्ट

इथवर सर्व ठीक निघाले, खालचा शेल घासलेला आहे आणि सांध्यावर डाग आहेत, तर बोल्ट खरोखर कमी पडतो आहे. तो कमी का पडतो हे आकड्यात पाहू. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर पोचतो तेव्हा सिलिंडरमध्ये त्याला अडवणारा दाब नसतो. त्याला थांबवून खाली ओढण्याचा सगळा भार रॉडवर आणि म्हणून त्या दोन बोल्टांवर येतो. या इंजिनाचा स्ट्रोक ७५.५ मिमी आहे. रॉड १२० मिमीचा आणि पिस्टन, पिन, रिंगा व रॉडचा वरचा भाग मिळून अर्धा किलो धरला, तर ६,५०० आरपीएमला ही ओढ सुमारे ११,५०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १,१७० किलो वजनाइतकी येते. ७,५०० आरपीएमला ती सुमारे १५,३०० न्यूटन होते. आरपीएम १५ टक्के वाढले, ओढ ३३ टक्के वाढली, कारण ती गतीच्या वर्गाने वाढते; आणि ती सेकंदाला ६२ वेळा येते. उलट, टर्बो लावून दाब वाढवला पण आरपीएम तेच ठेवले, तर ज्वलन रॉडला दाबते, बोल्टला फारसे ओढत नाही. म्हणून ‘टर्बो लावला, बोल्ट बदला’ हा सल्ला अर्धवट आहे. तेथे आधी रॉडचा दांडा कमी पडतो.

हार्डवेअरच्या दुकानातला १२.९ ग्रेडचा ॲलन बोल्ट कापून बसवण्याचा मोह अनेकांना होतो. त्याची ताकद कागदावर १,२०० मेगापास्कलच्या पुढे असते हे खरे, पण त्याला कॅप नेमक्या जागी धरणारा मापाचा खांदा नसतो, ताण समान वाटणारी बारीक कंबर नसते आणि डोक्याखालचा गोलावा रॉडच्या बैठकीशी जुळत नाही. डोके एका कडेवर टेकले की बोल्ट वाकतो आणि डोक्याखालीच तुटतो.

रॉड बोल्टमध्ये ‘८७४०’ क्रोम-मॉली पोलाद हा पहिला टप्पा आहे. एआरपी या अमेरिकी कंपनीच्या बोल्टांत त्याची ताकद साधारण १,८०,००० ते २,००,००० पीएसआय असते. साडेसात हजारांपर्यंतच्या इंजिनाला, मूळ वजनाचे पिस्टन असतील तर, तो पुरतो असा माझा अनुभव आहे. त्यापुढचा ‘एआरपी २०००’ सुमारे २,२०,००० पीएसआयचा. बाहेरून घेतलेल्या फोर्ज्ड रॉडांसोबत पुष्कळदा हाच येतो, आणि खिसा परवानगी देत असेल तर मी सरळ असे रॉडच घ्यायला सांगतो, कारण मग ठोकून काढणे, घासणे, होन करणे ही मजुरी वाचते. ‘एल१९’ त्याहून ताकदवान आहे, पण ओलाव्याला आणि हाताच्या घामाला घाबरतो. त्याला कायम तेलात ठेवावे लागते. आपल्याकडच्या पावसाळ्यात, कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्या गाडीसाठी तो मी कधीच सुचवत नाही. माप जुळवताना खांद्याचा व्यास, डोक्याखालची लांबी आणि डोक्याचा आकार या तिन्हींची मोजणी करूनच मागणी नोंदवावी.

काम पूर्ण झाल्यावर पहिले तेल ५०० किलोमीटरला काढावे, फिल्टर पुन्हा कापावा आणि गरम इंजिनाचा दाब पुन्हा नोंदवावा. आठही बोल्टांची मोकळी लांबी बसवण्यापूर्वीच सिलिंडरच्या क्रमाने वहीत लिहून ती वही गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. पुढच्या वेळी चेंबर ज्याच्या हातून उघडेल, त्याला तुलनेसाठी दुसरे काहीच मिळणार नसते.